मराठी व्याकरणाचा तिसरा शेजार

(तामसी, जि. आदिलाबाद येथे भाषाशिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



व्याकरणावर व्याख्यान आहे असं कळूनही एवढी मंडळी जमली, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्यापैकी बहुतेकांना व्याकरण भेटलं ते शब्दांच्या आठ जाती, विभक्तीचा तक्ता आणि वहीवरची लाल शाई या रूपात. हे तक्ते कुठून आले, आणि तामसीसारख्या गावात ते अपुरे का पडतात, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपण बसलो आहोत ती जागा पैनगंगेच्या अलीकडची. नदी ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा काठ हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्यांच्या सीमा हलल्या, माणसं होती तिथेच राहिली. त्यामुळे या पट्ट्यात कापसाच्या एका गाडीभोवती उभ्या असलेल्या चार माणसांत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लमाणी आणि दखनी यांतल्या तीन-चार भाषा सहज सापडतात. एवढी भाषासंपत्ती ज्या गावाच्या उंबऱ्यावर आहे, तिथे व्याकरण शिकवताना आपण मात्र एकाच भाषेचं पुस्तक उघडतो, हे मला खटकतं.

मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्यांनी पहिल्यापासून दुसरी एखादी भाषा शेजारी ठेवूनच ते लिहिलं आहे. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' हे मराठी व्याकरणावरचं पहिलं लेखन मानलं जातं. त्यामागे संस्कृत शास्त्राची परंपरा आहे. १८०५ साली विल्यम केरीने सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजीतून आणि इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण आलं आणि मराठी मुलांना मराठीतून व्याकरण शिकण्याची सोय झाली. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ दिला. ही सगळी माणसं थोर होती. पण त्यांच्यासमोर आदर्श होते ते दोन, संस्कृत आणि इंग्रजी. आठ विभक्त्या आपण संस्कृताकडून घेतल्या आणि शब्दांच्या आठ जाती इंग्रजीकडून. हे कपडे मराठीच्या अंगाला नीट बसतात का, हा प्रश्न पुढे अरविंद मंगरूळकरांनी आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी परखडपणे विचारला. मी त्यात एकच भर घालू इच्छितो. मराठीला आणखी एक शेजार आहे, दक्षिणेचा. तेलुगू, कन्नड, गोंडी, कोलामी यांच्या अंगणाला मराठीचं अंगण लागून आहे. या तिसऱ्या शेजाराकडे पाहिलं तर आपल्याच भाषेतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. काही उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण विभक्तीचंच. 'घर' या शब्दाला 'त' लावायचा तर आधी 'घर'चं 'घरा' करावं लागतं, मग 'घरात', 'घराला', 'घरापासून'. या मधल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. संस्कृतात अशी मधली पायरी नाही. 'गृह' या शब्दाला थेट प्रत्यय लागून 'गृहे', 'गृहाय', 'गृहात्' होतं. आता तेलुगू पाहा. घर म्हणजे 'इल्लु'. पण 'घरात' म्हणताना 'इल्लु' तसाच राहत नाही. त्याचं आधी 'इंटि' होतं आणि त्यावरून 'इंट्लो', 'इंटिकि', 'इंटि नुंचि'. मूळ शब्द, मग त्याचं बदललेलं रूप, मग प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. रचना तीच. ज्या मुलाला घरी 'इल्लु–इंटि' बोलता येतं, त्याला सामान्यरूप म्हणजे काय हे व्याख्येने सांगण्याची गरज नाही. 'तुझ्या तेलुगूत इल्लूचं इंटि होतं ना, तसं मराठीत घरचं घरा होतं' एवढं पुरतं.

मात्र इथेच एक सावधगिरी सांगतो. रचना सारखी दिसली म्हणून मराठीने ती तेलुगूकडून उचलली असं लगेच म्हणू नये. मराठीचं सामान्यरूप हे प्राकृतातल्या जुन्या षष्ठीच्या रूपाचं झिजून उरलेलं अंग आहे, असा त्याचा वंश अभ्यासकांनी लावला आहे. हिंदीतही 'लड़का'चं 'लड़के' होऊन मग 'को' लागतो. म्हणजे रूप घरचंच आहे, ते वापरण्याची पद्धत मात्र शेजाऱ्याशी जुळते. तौलनिक व्याकरणात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकणं हा पहिला धडा.

दुसरं उदाहरण नकाराचं. संस्कृतात नकारासाठी मुख्यतः 'न' आणि मनाई करताना 'मा'. हिंदीत 'नहीं', 'न' आणि 'मत'. मराठीत मात्र नकाराचं एक कुटुंबच आहे: नाही, नव्हे, नको, नये. 'तो घरी नाही' आणि 'तो वाघ नव्हे' या दोन नकारांत फरक आहे. पहिल्यात असण्याचा नकार, दुसऱ्यात ओळखीचा. तेलुगूत हाच फरक 'लेदु' आणि 'कादु' या दोन शब्दांनी केला जातो. 'नव्हे' म्हणजे 'न होय', होण्याचा नकार. 'कादु' हाही तेलुगूतल्या 'होणे' या क्रियापदाचाच नकार. 'मला नको' याला तेलुगूत 'नाकु वद्दु'. आणि 'नये'? बसमध्ये किंवा दवाखान्यात तेलुगू पाटी असते, 'पोग त्रागरादु'. अर्थ, धूम्रपान करू नये. त्यातलं 'रादु' म्हणजे 'येत नाही'. आता 'नये' फोडा: न + ये. तेही 'येत नाही'च. ज्यांना दोन्ही भाषा येतात, त्यांनीही ही पाटी शेकडो वेळा वाचली असेल. पण दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

आणखी एक साम्य. हे नकार निव्वळ अव्ययासारखे बसून राहत नाहीत, चालवले जातात. मराठीत 'तू नाहीस', 'ते नाहीत'. तेलुगूत 'नेनु लेनु', 'नुव्वु लेवु', 'वाडु लेडु', 'अदि लेदु'. आणि आपला 'नको' तर दखनी उर्दूने 'नक्को' करून हैदराबादपर्यंत नेला. तिथल्या माणसाला तो शब्द कुठून आला हे कोणी सांगितलेलं नसतं, पण त्याच्या तोंडी तो रोज असतो.

तिसरं उदाहरण जुन्या भाषेपासून सुरू करू. 'करून', 'जाऊन', 'खाऊन' यांतला 'ऊन' आपल्याला साधा वाटतो. त्याचा माग काढला तर महाराष्ट्री प्राकृतात 'काऊण', 'गंतूण' अशी रूपं भेटतात, आणि संस्कृतात त्या जागी 'कृत्वा', 'गत्वा'. मधल्या टप्प्यावर यादवकालीन मराठीतलं 'करौनि', 'जाउनि' आहे. दोन हजार वर्षांचा हा धागा कुठेही तुटलेला नाही. पाणिनीने 'क्त्वा'साठी अट घातली ती अशी, की दोन क्रियांचा कर्ता एकच असावा आणि त्यांतली जी आधी घडली तिला हा प्रत्यय लागावा. 'गृहं गत्वा सुप्तः', 'घरी जाऊन झोपला', 'इंटिकि वेळ्ळि पडुकुन्नाडु'. तिन्ही वाक्यांत ती अट पाळलेली आहे, आणि तिसरी भाषा तर संस्कृताच्या कुळातलीही नाही.

पण शेतकऱ्याच्या तोंडचं वाक्य घ्या: 'पाऊस पडून कापूस खराब झाला.' इथे पडणारा पाऊस आणि खराब होणारा कापूस. कर्ते दोन. पाणिनीच्या अटीत हे वाक्य बसत नाही, तरी मराठीत ते चोख आहे, कारण इथे 'पडून'मध्ये कारणाचा अर्थ आला. तेलुगू शेतकरी काय म्हणतो? 'वान पडि पत्ति पाडैंदि.' शब्दाला शब्द. मूळ नियम जिथे सैल झाला, तिथे तो दोन्ही भाषांत एकाच दिशेने सैल झाला आहे. संस्कृत न पाहता नियम कळला नसता, आणि तेलुगू न पाहता हे सैल होणं एकट्या मराठीचं नाही हे कळलं नसतं. जुनी भाषा आणि शेजारची भाषा, दोन्ही हव्यात असं मी म्हणतो ते यासाठी.

'म्हणून' हा शब्द त्याच कुळातला. म्हणणे या क्रियापदाला 'ऊन' लागून तो झाला. ज्ञानेश्वरीत तो 'म्हणौनि' असा येतो. आज तो कारणही सांगतो, हेतूही सांगतो आणि दुसऱ्याचं बोलणंही पोचवतो. 'आजारी होता म्हणून आला नाही.' 'बघावं म्हणून आलो.' 'येतो म्हणून सांगितलं.' तेलुगूत 'अनु' म्हणजे म्हणणे आणि 'अनि' म्हणजे म्हणून. 'चूद्दामनि वच्चानु', बघावं म्हणून आलो. 'वस्तानु अनि चेप्पाडु', येतो म्हणून सांगितलं. संस्कृतात बोलणं पोचवण्याचं हे काम 'इति' करतो, तोही बोललेल्या वाक्याच्या शेवटी बसून. आपल्या लेखी मराठीत आता 'त्याने सांगितलं की तो येईल' ही वळणाची वाक्यं जास्त झाली आहेत. ती चूक नाहीत. पण एखादं मूल 'तो येतो म्हणून म्हणाला' असं लिहितं, तेव्हा ते गावंढळ लिहीत नसतं. फार जुन्या आणि फार दूरवर पसरलेल्या रचनेत ते बोलत असतं.

ही साम्यं कशामुळे, यावर विद्वानांत मोठा वाद आहे. एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली भारताला एक भाषिक क्षेत्र म्हणून पाहावं असं मांडलं: कुळं वेगळी असली तरी शेजारामुळे भाषांची रचना जवळ येते. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६७ साली तर 'इति', 'क्त्वा' यांच्या वैदिक वापरामागेही द्राविडी संसर्ग असावा असं सुचवलं. इतरांनी ते आक्षेप घेऊन नाकारलं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचा अभ्यास करून १९७१ साली दाखवलं, की तिथल्या भाषांची वाक्यं शब्दागणिक एकमेकांत बदलता येतात, इतकी त्यांची मांडणी एक झाली आहे. शब्द ज्याच्या त्याच्या घरचे राहिले. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने १९२० साली मराठीच्या घडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९४६ साली द्राविडी भाषांच्या व्याकरणरचनेवर. पॅरिसमधल्या अभ्यासकाला ही दोन टेबलं जवळ ओढावीशी वाटली. आपल्याकडे ती टेबलं एकाच खोलीत आहेत.

शब्द सारखे दिसले म्हणून भाषा एका कुळातल्या ठरत नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं. तेलुगूत 'पुस्तकं', 'नदि', 'आकाशं' ऐकून पुष्कळांना ती संस्कृताची मुलगी वाटते. १८१६ साली फ्रान्सिस एलिस या मद्रासमधल्या अधिकाऱ्याने, कॅम्बेलच्या तेलुगू व्याकरणाला जोडलेल्या टिपणात, तेलुगूचे धातू वेगळे असून तमिळ आणि कन्नड यांच्याशी तिचं नातं आहे हे दाखवलं. आपण अंक मोजून हेच पाहू शकतो. मराठी दोन, तीन. संस्कृत द्वे, त्रीणि. दूरच्या लॅटिनमध्ये दुओ, त्रेस. तेलुगू रेंडु, मूडु, नालुगु. गोंडी रंड, मूंद, नालूंग. इथला गोंड माणूस पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आला, त्याची पुस्तकं देवनागरीत निघाली, तरी त्याच्या भाषेचं कूळ तेलुगूच्या बाजूचं आहे. तीन अंकांत ते कळतं.

आता 'आपण' आणि 'आम्ही'. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही'. संस्कृतात दोन्हीला 'वयम्', हिंदीच्या प्रमाण रूपात 'हम'. तेलुगूत मात्र 'मनं' आणि 'मेमु', हुबेहूब आपल्यासारखा भेद. पुन्हा 'आपण' हा शब्द घरचाच आहे, संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आलेला. गुजरातीतही 'आपणे' आणि 'अमे' आहेत. जुन्या भाषेत जो भेद नव्हता तो पश्चिमेच्या या दोन भाषांनी घरच्या शब्दाला नवं काम देऊन उभा केला, आणि दक्षिणेच्या भाषांत तो होताच. सरकारी सूचना मराठीत आणताना 'हम'चं सरसकट 'आम्ही' होतं, तेव्हा वाचणारा नकळत बाहेर काढला जातो. हा व्याकरणाचा मुद्दा आहे आणि माणसाला आत घेण्याचाही.

इथपर्यंत साम्यं पाहिली. शिक्षकाला जास्त उपयोग भेदांचा होतो, कारण मुलाची अडचण तिथे असते.

लिंग घ्या. मराठीत तीन लिंगं: तो आला, ती आली, ते आलं. तेलुगूत एकवचनात रेषा वेगळी आहे. 'अतनु वच्चाडु', तो आला. पण बाई आली, गाय आली, बस आली, पाऊस आला, या सगळ्यांना एकच 'वच्चिंदि'. अनेकवचनात तीच भाषा रेषा हलवते: माणसं, मग पुरुष असोत की बाया, 'वच्चारु', गायी 'वच्चायि'. गोंडी आणि कोलामी मात्र अनेकवचनातही एकवचनातलीच रेषा ठेवतात, पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. म्हणजे एका वर्गात बसलेल्या तीन मुलांच्या डोक्यात जगाची तीन वेगळी वाटणी आहे. गोंड घरातलं मूल 'पाऊस आला, वीज आली, पाणी आलं' यात अडखळलं, तर ते लक्ष देत नाही म्हणून नव्हे. त्याला दोन कप्प्यांतल्या वस्तू तीन कप्प्यांत लावायच्या आहेत, आणि कोणती वस्तू कुठे हे सांगणारी खूण वस्तूवर नाही. पाऊस पुल्लिंगी का, याला मराठी मुलाकडेही उत्तर नसतं. त्याने ते फक्त आधी ऐकलेलं असतं.

दुसरा भेद 'ने'चा. 'रामाने फळ खाल्लं.' इथे क्रियापद फळाकडे पाहतं, रामाकडे नाही. कारण या रचनेच्या मुळाशी संस्कृतातलं 'रामेण फलं खादितम्' आहे, म्हणजे रामाकडून फळ खाल्लं गेलं. तेलुगूत 'रामुडु पंडु तिन्नाडु'. राम कर्ता, क्रियापद त्याच्या मागे. गोंडी आणि कोलामीतही क्रियापद कर्त्याकडेच पाहतं. दखनीनेही हिंदी-उर्दूतला 'ने' बराचसा सोडून दिला. तेव्हा या भागातल्या मुलाने 'राम फळ खाल्ला' असं लिहिलं, तर ते कुठून आलं हे उघड आहे.

आणि 'मी काम केलो'? हे वाक्य आपल्याकडेच नव्हे, लातूर-सोलापूरकडेही ऐकू येतं, आणि त्यावर हसणारे पुष्कळ असतात. जरा जुनी मराठी पाहू. जुन्या मराठीत 'म्यां केलें' होतं. 'म्यां' म्हणजे माझ्याकडून. पुढे 'म्यां' गेला, 'मी' आला, पण क्रियापद 'केलं'च राहिलं. 'तू पुस्तक वाचलंस' या प्रमाण वाक्यात तर गंमत आहे: 'वाचलं' पुस्तकाकडे पाहतं आणि शेवटचा 'स' तुझ्याकडे. क्रियापद दोन्हीकडे मान वळवून उभं आहे. 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो' या वाक्यांत कर्म असूनही ते पूर्णपणे कर्त्याकडे वळलेलं आहे, आणि ही वाक्यं प्रमाण मराठीतली आहेत. म्हणजे 'केलो' म्हणणारा माणूस, प्रमाण भाषा ज्या वाटेवर काही पावलं चाललीच आहे, त्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. शेजारच्या भाषांनी त्याला त्या दिशेला हात दिला असावा.

याचा अर्थ वहीत 'मी काम केलो' बरोबर म्हणून सोडून द्यावं असा नाही. मुलाला परीक्षा द्यायची आहे, अर्ज लिहायचे आहेत, नागपूर-पुण्याला जायचं आहे. प्रमाण रूप त्याला आलंच पाहिजे. पण 'चूक' असा शेरा मारून जे शिकवता येतं, त्यापेक्षा 'तुझ्या घरच्या भाषेत क्रियापद कर्त्याकडे पाहतं, इथे ते कर्माकडे पाहतं' असं सांगून जास्त शिकवता येतं. पहिल्या पद्धतीत मुलाला वाटतं आपल्या घरच्या बोलण्यातच काही खोट आहे. दुसऱ्यात त्याला कळतं की आपल्याकडे दोन व्याकरणं आहेत आणि ती वेगळी कशी आहेत हे आपल्याला सांगता येतं. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला ते ओझं वाटू शकतं. हेच मूल 'मला तेलुगू येत नाही' असं म्हणतं, तेव्हा त्याला सांगा की तेलुगूतही हे वाक्य असंच आहे: 'नाकु तेलुगु रादु'. मला, तेलुगू, येत नाही. न येणारी भाषा त्याला निम्मी आलेलीच आहे.

हे काम या जिल्ह्याला नवं नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निझाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना इथल्या आदिवासींच्या प्रश्नांचा अभ्यास करायला पाठवलं. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई इथे गोंड शिक्षक तयार करणारी शिक्षणयोजना सुरू झाली आणि गोंडीची पुस्तकं देवनागरी लिपीत निघाली. याच काळातले हैदराबाद राज्याच्या सेवेतले अधिकारी म्हणजे सेतुमाधवराव पगडी. निलंग्याला जन्मलेले, पुढे शिवकाळाचे आणि फारसी साधनांचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि कोलामी व गोंडी या दोन्ही भाषांची व्याकरणं तयार केली. कोलामीचं व्याकरण १९५० साली हैदराबादला छापलं गेलं. एमेनो यांचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ चं आणि ते वर्ध्याकडच्या कोलामीवर आधारलेलं. आदिलाबादची कोलामी पगडींनी त्याआधीच कागदावर आणली होती. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामीच्या काही शब्दांपुढे 'एस. आर.' अशी खूण दिसते. ती सेतुमाधवरावांची. काही शब्दांपुढे 'किन.' दिसतं, ते आपलं किनवट. आदिलाबादच्या गोंडीचं सविस्तर वर्णनात्मक व्याकरण पी. एस. सुब्रह्मण्यम यांनी १९६८ साली दिलं. याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची स्वतंत्र लिपी पुढे आली आणि २०१८ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली.

पगडींचं मला विशेष वाटतं ते असं, की ते भाषाशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. कामाच्या निमित्ताने माणसं समोर आली, त्यांची भाषा ऐकली, आणि ती नियमांत मांडता येते असा विश्वास धरून ते बसले. ज्या भाषेला गावात 'बोली' म्हणून बाजूला सारलं जातं, तिलाही विभक्ती आहे, काळ आहे, लिंगव्यवस्था आहे, हे एका मराठी माणसाने कागदावर दाखवलं. कोलामी बोलणाऱ्या मुलाला हे समजणं फार महत्त्वाचं आहे. ज्या भाषेला व्याकरणच नाही असं पोराला वाटतं, ती भाषा ते आपल्या पोरांना देत नाही.

शेवटी काय करता येईल ते सांगतो. त्यासाठी अनुदान लागत नाही. आठवड्यातून एक तास, एक वाक्य. फळ्यावर मराठी वाक्य लिहा. वर्गात ज्यांना तेलुगू, गोंडी, कोलामी, लमाणी, दखनी येते त्यांना तेच वाक्य सांगायला लावा आणि एकाखाली एक लिहा. वरच्या वर्गांत संस्कृत येणारं कोणी असेल तर तेही लिहा. शिक्षकाने प्राकृताचं रूप शोधून आणलं तर फारच उत्तम. मग शब्दाखाली शब्द येतो का पाहा. कुठे जागा बदलली, कुठे प्रत्यय जास्त, क्रियापद कोणाकडे पाहतं, एवढे तीन प्रश्न विचारा. लिहिताना एक काळजी घ्या: तेलुगूत ऱ्हस्व 'ए' आणि ऱ्हस्व 'ओ' वेगळे आहेत, देवनागरीत त्यांना रोजच्या वापरातली चिन्हं नाहीत. 'चेप्पाडु'मधला 'चे' ऱ्हस्व आहे. त्यासाठी काही खूण ठरवून घ्या, नाहीतर तुलना पहिल्याच पायरीवर चुकेल. आणि उत्तर माहीत नसेल तर त्या मुलाच्या आजीला विचारून यायला सांगा. कोलामीच्या बाबतीत तिच्याइतका अधिकार आपल्यापैकी कोणाचाच नाही.

सुरुवातीला पाच वाक्यं सुचवतो: तो घरी नाही. तो वाघ नव्हे. मला नको. बघावं म्हणून आलो. पाऊस पडून कापूस खराब झाला. तामसीच्या आसपासच्या दहा शाळांनी ही पाच वाक्यं प्रत्येक भाषेत नीट उतरवून घेतली, कोणी सांगितलं, कोणत्या गावाची बोली, हे टिपून ठेवलं, तर वर्षभरात जे हाती येईल ते या वार्षिकात छापण्याजोगं असेल. ते लिहिणारे विद्यार्थी असतील, आणि त्यांची नावं लेखाच्या वर असावीत अशी माझी विनंती आहे.